प्रमाणपत्र नको, काम द्या!

गेल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीआधी एकाच आठवड्यात आमच्या केंद्रात दोन मुली आल्या. दोघीही सोळा वर्षांच्या, दोघीही अकरावीतल्या. दोघींची मागणीही एकच, 'आम्हाला तुमच्याबरोबर काम करायचंय.'

पहिली आली ती आईबरोबर, गाडीतून. बोलली आईच. "मॅडम, हिला बारावीनंतर बाहेर शिकायला जायचंय. तिथल्या कॉलेजांना समाजसेवेचा अनुभव लागतो. पन्नास तासांचं काम आणि तुमच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र मिळेल का? तुमच्या वस्तीतल्या मुलांना ती इंग्लिश शिकवेल. फक्त शनिवारी जमेल, आणि फार आत जावं लागू नये एवढं बघा." मुलगी सगळा वेळ खाली बघत होती.

दुसरी आली एकटी, चालत, पाठीवर दप्तर घेऊन. तिची आई आमच्या बचत गटात आहे. ती दारातच उभी राहून म्हणाली, "ताई, मला पण तुमच्यासारखं काम करायचंय. काय करू सांगा."

पहिलीला आम्ही काम दिलं. दुसरीला बसवलं, चहा दिला, पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, "आधी बारावी हो, अठरा पूर्ण कर, मग ये. आत्ता अभ्यासाकडे लक्ष दे." हे सांगणारी दुसरी कुणी नव्हती, मीच होते.

चैत्रात आमच्या वस्तीतून एका संघटनेची मिरवणूक निघाली. ढोल, झेंडे, लाठ्या फिरवणाऱ्या मुली. त्या मुलींच्या रांगेच्या पुढे, डोक्याला फेटा आणि गळ्यात शिट्टी घालून चालत होती ती आमची दुसरी मुलगी. मिरवणूक पलीकडच्या गल्लीच्या तोंडाशी आली तेव्हा घोषणा बदलल्या. त्या गल्लीतल्या सात बायका आमच्याच बचत गटात आहेत. त्या दिवशी त्यांनी दारं लावून घेतली होती.

नंतर मी तिला गाठलं. मला वाटलं होतं ती लाजेल, टाळेल. ती शांतपणे म्हणाली, "ताई, तिथं मला काम दिलंय. तीस मुलींची हजेरी मी घेते. वेळेवर कोण येत नाही, कुणाच्या घरी जाऊन बोलायचं, सगळं माझ्याकडे आहे. तुम्ही म्हणालात, अठरा झाल्यावर ये."

मैत्रिणींनो, हा लेख मी त्या एका वाक्यासाठी लिहिते आहे. तरुण मुली चळवळीत येत नाहीत, अशी तक्रार आपण प्रत्येक बैठकीत करतो. मोबाइलला दोष देतो, टीव्हीला देतो, बाजारू संस्कृतीला देतो. पण चौदा ते अठराच्या मुली आपल्या दारात येऊन काम मागतात तेव्हा आपण त्यांना काय देतो? सुखवस्तू घरातली असेल तर प्रमाणपत्र, वस्तीतली असेल तर उपदेश. काम दोघींनाही देत नाही. ज्यांना मुलींच्या हातात लाठी आणि तोंडात द्वेष द्यायचा आहे, ते मात्र सोळाव्या वर्षी त्यांच्यावर जबाबदारी टाकून मोकळे होतात.

सेवेची वही

समाजसेवेचं नाटक आपल्याकडे शाळेपासूनच शिकवलं जातं. दहावीला आम्हाला 'समाजसेवा' नावाची वही भरावी लागे. वृक्षारोपण, ग्रामसफाई, अंधांना मदत अशी प्रकरणं असत. आमच्या वर्गात एका मुलीने मोठ्या बहिणीची जुनी वही आणली आणि पन्नास जणींनी ती उतरवली. एकही झाड न लावता सगळ्यांना 'अ' श्रेणी मिळाली. समाजसेवा म्हणजे दुसऱ्यानं सही करण्याची गोष्ट, हा धडा त्या वहीनं पक्का शिकवला.

आता ती वही इंग्रजी बोलू लागली आहे, एवढाच फरक. आंतरराष्ट्रीय शाळांच्या अभ्यासक्रमात सेवेचा भाग असतो, परदेशी प्रवेशाच्या अर्जात त्याचा रकाना असतो. मग मे महिन्यात आणि दिवाळीत आमच्यासारख्या संस्थांचे फोन वाजू लागतात. 'मुलांना संधी हवी आहे.' कसली संधी? गरिबी जवळून बघण्याची. चार शनिवार वस्तीतल्या मुलांना ए बी सी डी शिकवायची, शेवटच्या दिवशी खाऊ वाटायचा, फोटो काढायचा. पाचव्या शनिवारी ताई येणार नाही हे त्या मुलांना कुणी सांगत नाही. आमच्या वस्तीतल्या मुलांनी अशा किती ताया आणि दादा पाहिले असतील, त्याची मोजदाद आम्हीही ठेवलेली नाही.

मुलांना मी दोष देत नाही. राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी सुरू झाली. आजही तिच्यात दोन वर्षांत २४० तास काम आणि सात दिवसांचं शिबिर अपेक्षित असतं. त्या शिबिरांतून गावं पाहिलेली, आयुष्याची दिशा बदललेली माणसं मला माहीत आहेत. पण त्याच शिबिरांत मी हेही पाहिलं आहे, की मुलगे बंधारा खणतात आणि मुली भाकऱ्या थापतात. रात्री शेकोटीभोवती अनुभवकथन होतं तेव्हा बोलतात मुलगे, मुली भांडी आवरत असतात. आणि सकाळी झाडू कुणाच्या हाती येतो, त्या मुलींची आडनावं एकदा बघा. घरात जे चालतं तेच शिबिरात चाललं, तर त्या सेवेनं बदललं काय?

'स्वयंसेविका' या शब्दाला जरा उलटून बघा

आपण बायकांनी तर या शब्दापासून सावध राहायला हवं. कारण आपल्या देशात बायकांना कमी पैशांत राबवून घ्यायचं असलं, की सरकार त्यांना सेविका म्हणतं. १९७५ साली एकात्मिक बालविकास योजना आली तेव्हा अंगणवाडी सेविकेला पगार नाही, 'मानधन' मिळालं. २००५ साली ग्रामीण आरोग्य अभियानात आशा आली. तिचं मराठीतलं सरकारी नावच 'आशा स्वयंसेविका'. बाळंतिणीला रात्री दोन वाजता दवाखान्यात न्यायचं, लसीकरणाच्या याद्या ठेवायच्या, कोरोनाच्या काळात दारोदार फिरून तापमान मोजायचं, आणि तिनं कामगार म्हणून हक्क मागितला की उत्तर तयार, 'तुम्ही तर स्वयंसेविका!' २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेनं देशातल्या आशांचा गौरव केला. टाळ्या वाजल्या. पण त्या गौरवानं एकीचीही नोकरी कायम झाली नाही. त्याच वर्षी अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं, म्हणजे योजना सुरू झाल्यावर सत्तेचाळीस वर्षांनी.

मग किशोरवयीन मुलींना आपण 'स्वयंसेवा करा, मोबदला मागू नका, सेवेतच आनंद असतो' असं शिकवतो तेव्हा त्यांना नेमकं कशासाठी तयार करतो? उद्याची आशा म्हणून, मानधनावर गप्प बसणारी? स्वखुशीनं केलेलं काम आणि फुकट करून घेतलेलं काम यांत फरक आहे. स्वखुशीचं काम करणारीला नाही म्हणता येतं. ते काम कशासाठी आहे ते तिला माहीत असतं, आणि ते कसं करायचं हे ठरवण्यात तिचा वाटा असतो. हे तिन्ही नसेल तर ती वेठ आहे, मग ती सरकारनं लादलेली असो की आपल्या पुरोगामी संघटनेनं.

त्या आधीपासूनच राबताहेत

'वस्तीतल्या मुलींना स्वयंसेवेची संधी कशी मिळवून द्यायची?' असा प्रश्न एका कार्यशाळेत आला तेव्हा मला हसू आलं. त्यांना संधीची कमतरता नाही, त्यांना वेळाची कमतरता आहे.

केंद्र सरकारनं २०१९ साली केलेल्या वेळ-वापराच्या पाहणीत सहा वर्षांवरच्या सगळ्यांना विचारलं गेलं. दिवसभरात घरातलं बिनपगारी काम करणाऱ्या मुली-बायका निघाल्या ८१ टक्के, पुरुष आणि मुलगे २६ टक्के. हे काम करणाऱ्या बाईची त्यात सरासरी २९९ मिनिटं जात होती, पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषानंही आपली नऊ मिनिटं वाचवली! सहा वर्षांपासूनची मोजणी आहे ही, लक्षात घ्या. यात पाण्याच्या रांगेतली आठवीतली मुलगी आहे. धाकट्या भावाला कडेवर घेऊन शाळेच्या गेटपर्यंत येणारी आहे. आई ऊसतोडीला गेल्यावर बीडच्या गावात म्हातारी आणि दोन भावंडं सांभाळणारी आहे.

या मुली घराबाहेरही राबतात, फक्त त्याला कुणी सेवा म्हणत नाही. आमच्या भागातल्या बचत गटांचं बघा. गटाच्या अध्यक्ष, सचिव म्हणून सह्या आयांच्या. पण वही कोण लिहितं? हप्ते, व्याज, दंड, बैठकीचा ठराव, सगळं नववी-दहावीतल्या मुलीच्या अक्षरात असतं. कुणाचं किती थकलंय, कुणाच्या नवऱ्यानं कर्जाचे पैसे उडवले, हे त्या मुलीला पाठ असतं. बैठकीत मात्र तिला बोलायची परवानगी नाही. २०२४ च्या पावसाळ्यात 'लाडकी बहीण'चे अर्ज निघाले तेव्हा आमच्या वस्तीत गल्लीच्या गल्ल्यांचे अर्ज मुलींनी मोबाइलवर भरले. आधार, बँक, उत्पन्नाचा दाखला, फोटो, सगळं. बाहेर एजंट एकेका अर्जाला पैसे घेत होते, आणि या मुली ओट्यावर बसून रात्री उशिरापर्यंत ते फुकट करत होत्या. त्यांना कुणी प्रमाणपत्र दिलं नाही. आम्हीही नाही दिलं.

१९८६ च्या बालकामगार कायद्यात २०१६ साली दुरुस्ती झाली तेव्हा 'शाळेनंतर कुटुंबाच्या व्यवसायाला मदत' या नावाखाली चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी एक दार उघडं ठेवलं गेलं. आपण त्यावर बरोबर टीका केली. पण मुलींच्या मदतीची हीच भाषा आपल्याही तोंडात असते. 'जरा वही लिहून दे ग', 'जरा सतरंज्या उचल', 'पाहुण्यांना पाणी दे', 'गाणं म्हण'. मेळाव्यात आपण त्यांना स्वागतगीत देतो आणि रांगोळी देतो. ठराव लिहायला देत नाही.

आपल्या चळवळीला कशाचा विसर पडला

१८५५ साली 'ज्ञानोदय'मध्ये मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापून आला. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांच्या शाळेतली ही विद्यार्थिनी तेव्हा चौदाच्या आसपास होती. धर्मग्रंथांवर ज्यांना हक्कच नाही त्यांचा धर्म कोणता, असा सवाल तिनं केला. 'आधी शिक्षण पूर्ण कर, मग लिही' असं तिला कुणी म्हणालं नाही, म्हणून आज आपल्याकडे तो निबंध आहे.

१९७२ साली तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केला. मथुरा खटला म्हणून आपण तो ओळखतो. आई-वडील नसलेली, दुसऱ्याच्या घरी काम करणारी ती मुलगी चौदा ते सोळा वर्षांची होती. सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना सोडलं, १९७९ साली चार कायदेतज्ज्ञांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, १९८० साली देशभर बायका रस्त्यावर आल्या आणि १९८३ साली कायदा बदलला. म्हणजे आजच्या आपल्या चळवळीची एक मोठी लाट उठली ती एका किशोरवयीन मुलीवरच्या अन्यायातून. अन्याय झालेली म्हणून ती आपल्याला दिसते. काम करणारी म्हणून ती आपल्या कार्यालयात आली, की आपण तिला वयाचा दाखला विचारतो.

ज्येष्ठ मैत्रिणींना मला आदरानं विचारायचं आहे, तुम्ही चळवळीत कशा आलात? तुमच्यापैकी कितीजणी १९४१ पासून चालत आलेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखेत फ्रॉक घालून गेल्या, कलापथकात नाचल्या, बारा-तेराव्या वर्षी दुसऱ्या जातीच्या घरी पहिल्यांदा जेवल्या? कितीजणी सत्तरच्या दशकात युवक क्रांती दलात, छात्र युवा संघर्ष वाहिनीत घरच्यांशी भांडून गेल्या? मोठ्यांनी तुमच्यावर विश्वास टाकला. चुका करू दिल्या. तुम्ही मात्र आम्हाला आणि आम्ही आमच्यानंतरच्यांना 'पात्रता' विचारू लागलो. संस्था झाल्या, प्रकल्प आले, अहवाल आले. 'लाभार्थी किशोरी : १२०' असा रकाना आला. ती लाभार्थी असते, कार्यकर्ती नसते.

आपल्या सबबी

पहिली सबब कायद्याची. ती अगदीच खोटी नाही. समुपदेशनाच्या खोलीत सोळा वर्षांच्या मुलीला बसवू नये, हे माझंही ठाम मत आहे. मारहाणीच्या, लैंगिक अत्याचाराच्या हकिगती ऐकून मोठ्यांची झोप उडते. २०१२ च्या पॉक्सो कायद्याप्रमाणे अत्याचाराची माहिती असणाऱ्यानं ती पोलिसांना द्यावीच लागते. ती न देण्याची शिक्षा मुलांना लागू नाही, आपल्याला आहे. त्यामुळे एखादी मुलगी काही सांगायला आली तर त्याचं ओझं आपलं, तिचं नव्हे. म्हणूनच गावातल्या बालविवाहाची खबर देण्याचं काम मुलींच्या गळ्यात घालण्याला माझा विरोध आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ साली, महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वर्षांच्या जवळजवळ २२ टक्के मुलींची लग्नं अठराच्या आत झालेली आढळली. ते थांबवायचं काम ग्रामसेवकाचं आहे, पोलिसांचं आहे, आपलं आहे. ज्या मुलीला त्याच गल्लीत राहायचंय तिला खबऱ्या करू नका. पण समुपदेशनाची खोली बंद ठेवायची म्हणून पूर्ण घरच बंद ठेवायचं का?

दुसरी सबब अभ्यासाची. पैठण तालुक्यातल्या पाचोडमध्ये आरोग्य व्यवस्थापन संस्थेनं नव्वदच्या दशकाच्या अखेरीस किशोरींसाठी रोज संध्याकाळी तासाभराचे वर्ग वर्षभर चालवले. शिकवणाऱ्या गावातल्याच जेमतेम शिकलेल्या बायका. १९९७ ते २००१ या काळात तिथल्या मुलींचं लग्नाचं मध्यम वय सोळावरून सतरावर गेलं. एक वर्ष थोडं वाटेल, पण त्या एका वर्षात मुलगी दहावी होते. रोजचा एक तास घराबाहेर, स्वतःचा, समवयस्क मुलींबरोबर. त्यानं अभ्यास बुडत नाही, लग्न लांबतं.

तिसरी सबब, 'पालक पाठवत नाहीत.' खरं आहे. पण मिरवणुकीला पाठवतात, कारण तिथले कार्यकर्ते घरी जाऊन आईशी बोलतात, रात्री मुलींना दारापर्यंत सोडतात. आपण किती घरी गेलो?

आणि मुलगे? या सगळ्यात आपण मुलग्यांना विचारतच नाही. मुंबईत १९९३ साली 'मावा' ही पुरुषांनीच सुरू केलेली हिंसाविरोधी संघटना उभी राहिली, तिनं तरुण मुलग्यांबरोबर काम करून दाखवलं. पण स्त्री-संघटनांच्या किशोरवयीन कार्यक्रमात मुलगे दिसतात ते मंडप घालायला. ज्या मुलग्याला समाजसेवा करायचीय, त्याला पहिलं काम द्या, रोज सकाळी घरातलं पाणी भरणं, तीन महिने. बहिणीचा वाचलेला तास हा त्याचा अहवाल.

मग काम कोणतं?

माझी पहिली मुलगी आठवते? तिनं तीन शनिवार इंग्लिश शिकवलं. चौथ्या शनिवारी मी तिला वस्तीत येऊ नकोस म्हटलं. घरकामगारांच्या कल्याण मंडळाचे कोरे अर्ज तिच्या हातात दिले. २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगारांसाठी कायदा झाला. त्या मंडळात नोंदणी करताना कामावर असल्याचा घरमालकाचा दाखला विचारला जातो, आणि तिथंच गाडी अडते. मी म्हटलं, "तुझ्या इमारतीत फिर. प्रत्येक घरातल्या मावशींसाठी दाखला आण. त्यांनी कुठली लिफ्ट वापरायची, त्यांना संडास कुठला, आठवड्याची सुट्टी किती जणींना, हेही लिहून आण."

दोन आठवड्यांनी ती आली. चौदा घरांपैकी चार दाखले. वहीत बरंच काही लिहिलेलं. सामानाच्या लिफ्टचं, वॉचमनच्या संडासाचं. ती या वेळी खाली बघत नव्हती. म्हणाली, "ताई, आमच्या घरी मावशी नऊ वर्षं आहेत. आई सही करत नाही. म्हणते, उद्या काही मागायला लागल्या तर?" दुसऱ्या दिवशी आईचा फोन आला, "मॅडम, हे असलं काम नको. मुलांना शिकवायचंच द्या." पन्नास तास भरले, प्रमाणपत्र मी दिलं. मावशींचा दाखला अजून आलेला नाही. पण त्या मुलीनं शनिवारी येणं थांबवलेलं नाही, आणि आता तिला माझ्याकडून काहीच लिहून नको आहे.

सुखवस्तू घरातल्या मुलांचं समाजकार्य असं त्यांच्या स्वतःच्या दारापासून सुरू व्हावं. गरिबी बघायला वस्तीत यायची गरज नाही, ती त्यांच्या स्वयंपाकघरात रोज सकाळी आठ वाजता येते.

वस्तीतल्या मुलींसाठी काम शोधायचं तर त्यांच्याच रोजच्या वाटेवर ते सापडेल. सार्वजनिक संडासाला किती दारं, किती कड्या, दिवा आहे का, सकाळी किती वेळ रांगेत जातो, याची नोंद पंधरा दिवस ठेवायची आणि क्षेत्रीय कार्यालयात मोठ्या बायकांबरोबर जाऊन मांडायची. मुंबईत २०११ साली सुरू झालेल्या 'राइट टू पी' मोहिमेनं पुरुषांना मुतारी फुकट आणि बायकांना पैसे का, हा प्रश्न असाच मोजून-मापून विचारला. खेड्यातल्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण शाळा सुटायच्या वेळेला गाडीच नसेल तर पास काय कामाचा? गाडी कधी आली, कधी आलीच नाही, याची वही एक महिना ठेवून ती आगारात नेऊन ठेवा. बचत गटाची वही लिहिणाऱ्या मुलीला बैठकीत हिशेब वाचून दाखवू द्या, प्रश्न विचारू द्या. अर्ज भरणाऱ्या मुलींचा आठवड्यातून एक दिवस, दिवसाउजेडी, केंद्रात टेबल-खुर्ची देऊन मदतकक्ष करा.

आपल्यासाठी काही अटी

एक, गाडीभाडं आणि खाणं संघटनेनं द्यायचं. 'आम्ही कुठे घेत होतो?' असं म्हणणाऱ्यांनी आठवावं, तेव्हा कुणाच्या घरात चूल दुसऱ्याच्या पगारावर पेटत होती आणि कुणाच्या नाही. भाडं दिलं नाही तर ज्यांना परवडतं त्याच येतील, आणि त्या कोणत्या जातीच्या असतील हे वेगळं सांगायला नको.

दोन, तासांची मर्यादा. आठवड्याला तीन-चार तास, परीक्षेच्या महिन्यात सुट्टी, अंधार पडायच्या आत घरी.

तीन, एक ठरलेली मोठी मैत्रीण. मी एम.एस.डब्ल्यू. करत होते तेव्हा आठवड्यातले दोन दिवस क्षेत्रकार्य असायचं, आणि दर आठवड्याला मार्गदर्शकाशी बसून बोलणं सक्तीचं. काय पाहिलं, काय खटकलं, रडू का आलं. तेविशीतल्या आम्हाला हा आधार होता, सोळा वर्षांच्या मुलीला तो नको?

चार, झाडू, चहा, सतरंज्या यांची पाळी लावायची, आणि त्या पाळीत संघटनेच्या अध्यक्षांचंही नाव असेल.

पाच, कार्यकारिणीच्या बैठकीत किशोरींच्या दोन प्रतिनिधी. सह्यांचा अधिकार कायद्यानं अठरानंतर, पण बोलण्याचा अधिकार आजपासून.

सहा, नाही म्हणायची मुभा. फोटो नाही, देणगीदारांसमोर भाषण नाही, तिला नको असेल तर.

यातलं काही खर्चाचं नाही. अवघड आहे ते एवढंच, की आपली खुर्ची थोडी सरकवावी लागेल.

ती दुसरी मुलगी गेल्या महिन्यात रस्त्यात भेटली. फेटा नव्हता, दप्तर होतं. मी तिला पुन्हा चहाला बोलावलं नाही. संडासांच्या पाहणीच्या कोऱ्या नमुन्यांचा गठ्ठा माझ्या पिशवीत होता, तो पुढे केला. म्हटलं, "दोन्ही गल्ल्यांत करायचीय. तुझ्याकडच्याही आणि पलीकडच्याही. पलीकडच्या गल्लीत त्यांच्या मुलींबरोबर जोडीनं जायचं. जमेल?" तिनं कागद उलटसुलट करून पाहिले. "हजेरी कोण घेणार?" तिनं विचारलं.

"तूच," मी म्हटलं.

"विचार करून सांगते," म्हणाली आणि गेली. कागद मात्र घेऊन गेली. अजून आलेली नाही. ती येईलच असं मी तुम्हाला छातीठोकपणे सांगू शकत नाही. सहा महिने उशीर मी केला आहे, त्याची किंमत असणारच. तुमच्या दारात जी उभी आहे, तिच्या बाबतीत तुम्ही तो करू नका. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्या, आणि त्या बैठकीला तिलाही बोलवा.